चीनमधून पीईबी शेड मागवताय? पैसे पाठवायच्या आधी हे नक्की करा

चीनमधून पीईबी, म्हणजे कारखान्यात भाग बनवून साइटवर जोडायच्या लोखंडी शेडचं कोटेशन आलं की किलोमागचा भाव बघूनच माणूस हुरळतो, साहजिक आहे, पण तो भाव बहुतेक वेळा एफओबी असतो, म्हणजे तिकडच्या बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतचाच. पुढचं समुद्रभाडं, विमा, ड्युटी, न्हावाशेव्यातले चार्जेस, साइटपर्यंतचा ट्रेलर, हायड्रा (फिरती क्रेन), उभारणी सगळं आपल्या खिशातून. हे सगळं मिळवून साइटवर पडणारा भाव काढा आणि किर्बी, टाटा ब्लूस्कोप, इंटरआर्च, पेन्नार असल्या इथल्या एकदोन पीईबी कंपन्यांचं कोटेशन शेजारी ठेवा. साधं वीस मीटर रुंदीचं गोडाऊन असेल तर माझं स्पष्ट मत, बाहेरून मागवायच्या भानगडीत पडू नका. मोठी जागा, बरंच टनेज किंवा इथे वेळेत कोणी देत नाही अशी अडचण असेल तरच पुढचं वाचा.

सगळ्यात महत्त्वाचं काम पैशाच्या आधीचं आहे, ते म्हणजे ड्रॉइंग. चिनी कंपनी फुकट डिझाइन करून देते पण त्यांच्या जीबी कोडने, म्हणजे चिनी मानकांनी, आणि वाऱ्याचा आकडा तुम्ही सांगाल तो किंवा त्यांना वाटेल तो. आपल्याकडे आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणे पुण्याला मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरतात, मुंबईला ४४. फरक पाचाचाच दिसतो पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पुण्याचं डिझाइन मुंबईत उभं केलं तर दाब जवळजवळ सव्वापट. सातारा-कोयना भागात असाल तर भूकंपाचा हिशोब आयएस १८९३ ने वेगळा मागा. इथला स्ट्रक्चरल कन्सल्टंट आधीच पकडा, त्याच्याकडून लोड (वारा, भूकंप वगैरेचे भार) लिहून घ्या आणि कंपनीच्या कॅल्क्युलेशनवर त्याचीच सही घ्या, कारण एमआयडीसीत किंवा नगरपालिकेत प्लॅन मंजूर करताना चिनी इंजिनिअरचा शिक्का कोणी विचारात घेणार नाही.

स्टीलची ग्रेड तिकडे क्यू२३५, क्यू३५५ अशी येते, आकडा म्हणजे मेगापास्कलमधली यील्ड स्ट्रेंथ (ज्या ताणानंतर स्टील कायमचं वाकतं तो), आपल्या ई२५०, ई३५० ग्रेडच्या आसपासची. पत्र्याच्या जाडीत मात्र नीट विचारा, ०.५ मिमी म्हणजे कोटिंग आणि रंग धरून की नुसतं स्टील? ऑर्डरमध्ये नुसत्या स्टीलची जाडी लिहा आणि गॅल्व्हल्यूम (अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा थर दिलेला पत्रा) असेल तर एझेड१५० असं कोटिंगही लिहा. "गुड क्वालिटी शीट" एवढ्यावर भागवलं तर जे येईल ते घ्यावं लागतं.

आता कंटेनर. चाळीस फुटीची आतली लांबी बारा मीटरच्या आसपास असते, म्हणून प्रत्येक राफ्टर (छताची तिरकी तुळई), कॉलम साधारण पावणेबारा मीटरच्या आत बसेल असे जोड डिझाइनमध्येच हवेत. आणि एक गोष्ट हटकून राहते, कंटेनरचं दार एकाच टोकाला असतं, वरून क्रेन लागत नाही. सुटे कॉलम आत रचले असतील तर साइटवर ते ओढून काढताना रंग जातो, माणसाला लागतं, अख्खा दिवस जातो. त्यामुळे माल लोखंडी सांगाड्यावर बांधूनच भरायचा, म्हणजे चेन लावून अख्खा गठ्ठा बाहेर सरकतो, किंवा ओपन टॉप, म्हणजे वरून उघडा कंटेनर मागायचा, भाडं जास्त पडतं पण जड मालाला परवडतो.

कागदपत्रांत आधी डीजीएफटी या परकीय व्यापार खात्याकडून आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड काढा आणि बँकेचा एडी कोड (परकीय चलन व्यवहाराचा कोड) आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर बंदरासाठी नोंदवून घ्या. मग वर्गीकरण, म्हणजे माल कस्टमच्या कुठल्या कोडमध्ये बसतो ते, इथेच जास्त पैसे अडकतात. पूर्ण बिल्डिंग ९४०६ मध्ये जाते, नुसता सांगाडा किंवा स्ट्रक्चरचे भाग ७३०८ मध्ये. ९४०६ साठी सगळे भाग एकत्र सादर व्हावे लागतात, म्हणजे आज फ्रेम, पुढच्या महिन्यात पत्रे असं तुकड्यातुकड्यानं मागवलंत तर कस्टमवाला प्रश्न विचारणारच. ७३०८ मध्ये गेलात तर स्टील मंत्रालयाच्या सिम्स या स्टील आयातीच्या पोर्टलवर नोंदणी लागते. बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) क्वालिटी कंट्रोल ऑर्डर बदलत असतात, म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी सीएचएकडून (कस्टम एजंटकडून) त्या आठवड्याची ड्युटी आणि अटी लेखी घ्या. ड्युटीखेरीज आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागतो तो मालाची किंमत, ड्युटी, सरचार्ज सगळं मिळवून, त्यामुळे सुरुवातीला मोठी रक्कम गुंतते, त्या आयजीएसटीच्या क्रेडिटचं तुमच्या सीएला विचारा, बिल्डिंगच्या बाबतीत ते सरसकट मिळत नाही. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचं आयातीचं विवरण, जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची, उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि नंतर रोज १०,००० रुपये दंड.

पैसे साधारण ३० टक्के आगाऊ आणि बाकी बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजावर चढल्याची पावती), किंवा एलसी म्हणजे बँकेचं हमीपत्र. एलसीत बँक फक्त कागद बघते, माल नाही, हे नीट लक्षात घ्या. म्हणून कागदांच्या यादीतच एसजीएस किंवा ब्युरो व्हेरिटाससारख्या तिसऱ्या एजन्सीचं तपासणी प्रमाणपत्र घाला, तेही लोडिंगच्या आधीचं, ज्यात मिल सर्टिफिकेटवरचे हीट नंबर (स्टीलच्या वितळणीच्या बॅचचे नंबर) मालाशी जुळवलेत, वेल्डिंग तपासलंय, रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजलीय आणि एक फ्रेम तिथंच जोडून बघितलीय. आणि मध्येच ईमेल आला "आमचं बँक खातं बदललंय" तर पैसे पाठवायचे नाहीत, आधी जुन्या फोन नंबरवर, ज्याच्याशी नेहमी बोलता त्याच्याशीच बोला.

माल समुद्रात असताना फाउंडेशन करून ठेवा, पण अँकर बोल्टचा (कॉलम धरायला काँक्रीटमध्ये पुरायच्या बोल्टचा) प्लॅन कंपनीने अंतिम म्हणून दिल्यावरच, आणि लोखंडी टेम्पलेट लावून काँक्रीट ओता, बोल्ट थोडे इकडेतिकडे गेले तरी कॉलमखालची बेस प्लेट बसायला अडचण येते. कंटेनर उघडल्यावर सीलचा आणि आतला फोटो काढा, मग पॅकिंग लिस्ट घेऊन गठ्ठ्यागणिक मोजा, बोल्टच्या पिशव्यासुद्धा, कारण कमी असेल तर विमा किंवा कंपनी लगेच कळवलेलंच ऐकते. जूनच्या आसपास माल येत असेल तर पत्र्यांचे गठ्ठे जमिनीपासून उचलून, थोडा उतार देऊन आणि ताडपत्रीखाली हवा खेळेल असे ठेवा, दोन पत्र्यांमध्ये पाणी शिरून अडकलं की पांढरी बुरशीसारखी गंज धरते आणि ती पुसून जात नाही.