बटणावर हलणारं फर्निचर घेताय? या चुका टाळा

२० ऑक्टोबर २०२५ला ॲमेझॉनची क्लाउड सेवा काही तास कोलमडली आणि अमेरिकेत ‘एट स्लीप’ कंपनीच्या महागड्या बेडवर झोपलेल्यांची झोप उडाली. कुणाचा बेड तापतच राहिला, कुणाचा डोक्याकडून उचललेल्या अवस्थेत अडकून बसला. गार-गरम करणारं यंत्र बेडशेजारीच होतं, पण त्याला हुकूम देणारं ॲप दूरच्या सर्व्हरवर अवलंबून. कंपनीने माफी मागितली आणि नेट नसताना ब्लूटूथवर बेड चालवण्याची सोय घाईघाईने आणली.

आपल्याकडे असले बेड विरळा. मोटरवाले रिक्लायनर, उंची बदलणारी टेबलं, भिंतीत मिटणारे पलंग मात्र पुण्या-ठाण्याच्या टू-बीएचकेत सर्रास दिसू लागलेत. शोरूममध्ये आपण ते चालताना बघतो. बंद पडल्यावर ते कसं वागेल, हे मात्र सेल्समनला कुणी विचारत नाही. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

रिक्लायनर : लाईट गेली की काय?

आजोबा पाय वर करून आडवे झालेत आणि लाईट गेली. हाताने ओढायचा दांडा मोटरच्या मॉडेलला बहुतेक वेळा नसतो. मग घरातली दोन माणसं मिळून फूटरेस्ट दाबतात आणि त्यात आतली लोखंडी पट्टी वाकते.

‘इन्व्हर्टरला झेपणार नाही’ हा गैरसमज आहे. अडॅप्टर उलटा करून वाचा. बहुतेकांवर २९ व्होल्ट, २ अँपिअर असं काहीतरी असतं, म्हणजे साठेक वॅट, तेही खुर्ची हलते तेवढे काही सेकंद. पंख्याइतकाच भार. खरी अडचण वायरिंगची असते: हॉलमधला तो प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेलाच नसतो. इलेक्ट्रिशियनकडून एवढं एक काम खुर्ची येण्याआधी करून घ्या. काही अडॅप्टरमध्ये ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांसाठी कप्पा असतो. वीज नसताना खुर्ची एकदा सरळ करण्यापुरती ही सोय. कप्पा आहे का ते विचारा आणि त्यात बॅटऱ्या घाला, कारण तो बहुतेक घरांत रिकामाच असतो.

खुर्ची अजिबात हलत नसेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी खाली वाका. अडॅप्टरची वायर खुर्चीच्या वायरला जिथे जोडलेली असते, तो जोड केर काढताना झाडूने किंवा व्हॅक्यूमने निसटतो. आणि बंद करताना फूटरेस्टखाली मूल किंवा मांजर नाही ना, हे दर वेळी बघा. बटण लहान मुलांच्या हाताशी असेल तर मुलं घरात असताना प्लग काढलेला बरा.

भिंतीतला पलंग : आधी भिंत ओळखा

आयकियाने २०१९मध्ये ओरी कंपनीबरोबर ‘रोग्नान’ जाहीर केलं: पलंग, सोफा, कपाट एकातच, आणि सगळं युनिट मोटरवर खोलीत पुढेमागे सरकणारं. हाँगकाँग, जपानमधल्या इवल्याशा घरांसाठी ती कल्पना होती. आपल्याकडे ती गरज भिंतीत उभा मिटणारा पलंग भागवतो, आणि सगळ्यात धोकादायक चूक इथेच होते.

नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. मिस्त्री ज्यांना सिपोरेक्स म्हणतात, तेच ब्लॉक. त्यांत साधा प्लास्टिकचा गट्टू आणि स्क्रू मारून पलंग टांगला, तर उघडमिट करताना बसणारे हिसके तो गट्टू फार दिवस सहन करत नाही. भिंतीवर टकटक करून पोकळ आवाज ऐकणं पुरेसं नाही. बिल्डरचा नकाशा बघा किंवा छोटं भोक पाडून पावडर बघा: एएसीची पांढुरकी आणि मऊ, विटेची लाल. काँक्रीटमध्ये ड्रिल सहजी शिरतच नाही. एएसी निघाली तर वजन जमिनीवर घेणारी फ्रेम करा, तिचा वरचा आधार बीम किंवा कॉलममध्ये केमिकल अँकरने (भोकात रसायन भरून घट्ट बसवलेल्या बोल्टने) घ्या. ‘मिवान’ पद्धतीच्या इमारतीत भिंतच काँक्रीटची, त्यामुळे पकड उत्तम मिळते. पण विजेचे पाइप भिंतीच्या आतून गेलेले असतात, म्हणून ड्रिल मारण्याआधी स्विचबोर्डच्या वरची-खालची रेघ टाळा.

‘हायड्रॉलिक’ पिस्टन

बेडची फळी उचलून धरणाऱ्या नळीला दुकानदार हायड्रॉलिक म्हणत असला तरी तिच्यात दाबलेला नायट्रोजन वायू असतो. म्हणून ती कधीही कापू नये, ठोकू नये, तापवू नये. नळीवर, उदाहरणार्थ, १००० एन (न्यूटन) असं लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण शंभर किलोचा जोर. हा जोर फळी आणि गादी यांच्या वजनाच्या हिशोबाने निवडलेला असतो. फोमची गादी काढून काथ्याची टाकली की बेड उचलेनासा होतो. उलट, गादी पूर्ण काढून फळी उघडायला गेलात तर ती झटक्यात वर येऊन हनुवटीवर आदळू शकते. साफसफाईच्या वेळी हीच चूक होते. एक पिस्टन सैल झाला तर दोन्ही बदला, नाहीतर फळी तिरकी उचलली जाऊन बिजागरं तुटतात.

उंची बदलणारं टेबल

टेबल थोडं वर जाऊन आपोआप खाली येतं? बिघाड असेलच असं नाही. अडथळा ओळखणारी सोय जास्त संवेदनशील ठेवलेली असते, किंवा मॉनिटरची वायर आखूड पडून ताणली जाते, किंवा टेबलाची कड खिडकीच्या कट्ट्याला घासते. आधी सगळ्या वायरी टेबल पूर्ण वर असताना मोजा. एक पाय खाली, एक वर राहिला किंवा टेबलाच्या छोट्या पडद्यावर एररचा आकडा आला, तर टेबल अगदी खाली आणून ‘खाली’चं बटण काही सेकंद दाबून धरा. बऱ्याच टेबलांत ते किंचित आणखी खाली दबून वर येतं आणि रीसेट होतं. आणि पाहुण्यांना दाखवायला सारखं वर-खाली करू नका. लेबलवर बहुधा १०% लिहिलेलं असतं: दोन मिनिटं चालवलं तर अठरा मिनिटं विश्रांती.

उरलेलं थोडक्यात

ॲपला बेड सापडत नसेल तर राउटरवर २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायचं नाव वेगळं करून त्यावर जोडा. अशी बरीच उपकरणं ५ गिगाहर्ट्‌झवर चालतच नाहीत. ॲपशिवाय, साध्या रिमोटवर काय काय चालतं ते खरेदीआधी लिहून घ्या. कोकणात किंवा समुद्राजवळ घर बंद ठेवणार असाल तर प्लग काढा, जोडांना बाष्प लागून हिरवट गंज चढतो. मोटर आणि कंट्रोल बॉक्स सुटे मिळतात का, आणि वॉरंटी संपल्यावर त्यांची किंमत काय, हे बिल करण्याआधी विचारा. दुकानदार ‘सर, बिघडतच नाही’ म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.