जुनी विंडोज सोबत ठेवताय? मग या चुका टाळा

जून-जुलैत तालुक्याच्या गावातलं कोणतंही सेतू केंद्र बघा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, कॉलेजचे अर्ज, त्यामागोमाग पीक विमा. आणि नेमका तेव्हाच एखादा अपडेट अर्धवट होतो, कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकून बसतो. घाटंजी किंवा एटापल्लीसारख्या ठिकाणी असाल, तर जाणकार मेकॅनिक यवतमाळहून नाहीतर चंद्रपूर-गडचिरोलीहून येईपर्यंत दिवस जातो. म्हणून नवी विंडोज मारताना (म्हणजे इन्स्टॉल करताना) जुनी उडवायची नाही, शेजारी राहू द्यायची, ही पद्धत आपल्याकडे चांगली रुळली आहे. नवी उठलीच नाही तर जुनीतून फायली काढता येतात. शिवाय बिघाड विंडोजचा आहे की मशीनचा, हे पाच मिनिटांत कळतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून अशा जोड्या वाढल्या आहेत. कुठे दहा आणि अकरा, कुठे सात आणि दहा. अडचण जोडीत नाही. जुनी ही फक्त अडीनडीसाठी आहे, हे आपण विसरतो आणि दोन्ही रोज वापरायला लागतो. खालच्या बहुतेक भानगडी तिथूनच निघतात.

‘आधी नवी, मग जुनी’ ही चूक

नियम साधा आहे: आधी जुनी मारायची, नंतर नवी. नव्या विंडोजच्या बूट मॅनेजरला (मशीन लावल्यावर विंडोज सुरू करून देणारा भाग) जुनी सुरू करता येते, जुन्याला नवी पेलत नाही. दहा असलेल्या मशीनवर वरून सात मारली, तर सात छान उघडते आणि दहा मेनूतून गायब होते किंवा एरर देते.

इथे कोणी म्हणेल, ‘भाऊ, आता पूर्ण फॉरमॅटच मारावा लागते.’ मारू देऊ नका. डेटा जागेवरच असतो, फक्त रस्ता दाखवणारी फाईल बदललेली असते. नव्या विंडोजचा पेन ड्राइव्ह लावून त्यावरून मशीन सुरू करा, ‘इन्स्टॉल नाऊ’ न दाबता ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ निवडा, पुढे स्टार्टअप रिपेअर चालवा. तेवढ्याने झालं नाही तर तिथल्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘बीसीडीबूट’ कमांडने बूटच्या फायली नव्याने लिहिता येतात. फक्त त्या काळ्या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. आपली ‘सी’ तिथे ‘डी’ किंवा ‘ई’ असेल, म्हणून आधी आत काय आहे ते पाहायचं, मग कमांड द्यायची.

याच टप्प्यावर दुसरी गफलत होते. विंडोज मारताना ‘ही डिस्क जीपीटी प्रकारची आहे, इथे इन्स्टॉल होणार नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि माणूस वैतागून सगळी पार्टिशन्स उडवतो. खरं कारण वेगळंच असतं. मशीन सुरू होण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी बायोस आणि नवी यूईएफआय. पेन ड्राइव्ह बायोस पद्धतीने सुरू झालेला असतो आणि डिस्क (जीपीटी मांडणीची) यूईएफआय पद्धतीची असते. बूट मेनूत (एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे) तोच पेन ड्राइव्ह बऱ्याचदा दोन ओळींत दिसतो. ज्या ओळीपुढे ‘यूईएफआय’ लिहिलंय ती निवडा.

आणि नव्या लॅपटॉपवर सात मारायचा हट्ट सोडा. तिच्यात यूएसबी ३.० चे ड्रायव्हर मुळात नाहीत, एनव्हीएमई एसएसडी (नव्या लॅपटॉपमधली वेगवान डिस्क) तिला ओळखू येत नाही. सेटअपच्या पहिल्याच पडद्यावर कीबोर्ड-माउस मेल्यासारखे होतात. अशा मशीनवर जुनी म्हणून दहाच ठेवावी.

शटडाउन केलं, पण बंद झालंच नाही

सगळ्यात जास्त फायली या चुकीने खराब होतात. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तुम्ही शटडाउन करता तेव्हा विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. एकच विंडोज असेल तर ठीक. दोन असतील तर असं होतं: संध्याकाळी विंडोज १० शटडाउन केली, सकाळी विंडोज ७ उघडली, ‘डी’ ड्राइव्हवर चार फायली टाकल्या, दुपारी परत दहा उघडली. दहाला कालचीच डिस्क आठवते. नव्या फायली दिसत नाहीत, काही अर्धवट उघडतात, आणि पुढे दर वेळी सुरू होताना डिस्क तपासणी लागते. त्या तपासणीतच लाइन गेली तर आणखी पंचाईत, कारण यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली असते.

उपाय एकदाच करायचा आहे. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जा. वरची निळी ओळ दाबली की खालचे पर्याय खुले होतात, त्यातली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. मोठा अपडेट झाल्यावर ती परत आली नाही ना, हे पाहत चला. घाईत असाल तर शिफ्ट दाबून शटडाउन करा किंवा सरळ रीस्टार्ट घ्या. रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होते. हायबरनेट करून दुसऱ्या विंडोजमध्ये तर कधीच जाऊ नका.

जाता जाता एक: मशीन लावल्यावर कोणती विंडोज हवी ते विचारणाऱ्या निळ्या मेनूतून जुनी निवडल्यावर मशीन पुन्हा एकदा रीस्टार्ट होतं. तो बिघाड नाही. तो मेनू नवीच विंडोज दाखवते, म्हणून जुनीकडे जायला तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुकानदाराच्या खात्यात अडकलेली किल्ली

विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खातं जोडलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. कोणी सांगत नाही, आपल्याला कळतही नाही. मग जुनीतून ती ड्राइव्ह उघडायला गेलं तर कुलूप. जुनी सुरू करायला सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी मशीनची सोय) बंद केलं, तर नवी विंडोजसुद्धा ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. आणि खातं कोणाचं? लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने ‘दादा, मी करून देतो’ म्हणत स्वतःच्या मेल आयडीने उघडलेलं. दोन वर्षांनी त्याला तो आयडी आठवत नाही.

दुसरी विंडोज मारण्याआधीच सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर खातं स्वतःच्या नावावर करून की कागदावर छापा आणि बँकेच्या पासबुकाजवळ ठेवा. त्याच लॅपटॉपवर फाईल करून ठेवण्यात अर्थ नाही, हे सांगायला लागू नये, पण लोक ठेवतात.

दुसरीच्या घरात हात घालू नका

जुनीतून नवीचं फोल्डर उघडताना ‘तुम्हाला परवानगी नाही’ अशी खिडकी येते आणि खाली ‘कंटिन्यू’ असतं. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप एवढ्यापुरतं ते दाबणं चालतं. विंडोज किंवा प्रोग्राम फाईल्सच्या फोल्डरची मालकी मात्र स्वतःकडे घेऊ नका, नंतर नवी विंडोज आपल्याच फायलींना मुकते. दोन्हीकडे ‘सी’ वेगळी असते हेही ध्यानात ठेवा. जुनीत बसून ‘डी’वरचं ‘विंडोज’ फोल्डर फालतू समजून उडवणारे आहेत. ड्राइव्हना ‘दहा’, ‘अकरा’, ‘कामाच्या फायली’ अशी नावं द्या. शंभर किंवा पाचशे एमबीचं निनावी पार्टिशन दिसलं तर जागा मिळेल म्हणून पुसू नका, बूटचा सगळा पसारा तिथेच असतो. वनड्राइव्हवरच्या फायलींची फक्त नावंच डिस्कवर असू शकतात, त्या जुनीतून हाती लागणार नाहीत.

इंटरनेट? जुनीला नकोच. सातचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमची तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसमध्ये अडकलेली बहुतेक मशीनं सातचीच होती. अंगठ्याचं मशीन, डीएससी (डिजिटल सही) टोकन, बँक हे सगळं नवीवरच.

एकाच डिस्कवर दोन्ही

डिस्क गेली की दोन्ही गेल्या. आपल्या भागातली मे महिन्यातली गरमी आणि कापसाच्या मोसमात जिनिंगजवळच्या दुकानांत उडणारी धूळ, डेस्कटॉपची डिस्क यात किती टिकेल सांगता येत नाही. माझ्या मते डेस्कटॉप असेल तर एकच पद्धत बरी: नवी विंडोज वेगळ्या एसएसडीवर. ती मारताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायची, मारून झाल्यावर लावायची, आणि कोणती सुरू करायची ते बूट मेनूतून ठरवायचं. अशाने दोन्हींचे बूट एकमेकांत गुंतत नाहीत, वरची क्रमाची भानगडही उरत नाही. कामाच्या फायलींची तिसरी प्रत तरीही बाहेर हवीच, कारण जुनी विंडोज म्हणजे बॅकअप नव्हे.

दोन्हीही धड चालत नसतील तर

दोन्ही विंडोजमध्ये प्रत्येक सरकारी साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते? आधी तारीख पाहा. लाइन गेली की तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय, घड्याळवाल्याकडेही मिळतो. जुनीच्या जागी लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) असेल आणि वेळ बरोब्बर साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेल ठीक आहे. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक, लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगा.

दोन्ही एकाच ठिकाणी अडकत असतील तर विंडोजला दोष देऊ नका. वायर काढा, रॅम काढून टोकं खोडरबराने पुसा, परत घट्ट बसवा. तरी नाही, आणि डिस्क टकटक करतेय? मग मशीन पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका, दर वेळी आणखी डेटा जाण्याचा धोका असतो. डिस्क काढून जाणकाराकडे न्या, आणि तिच्यावर काय हवंय ते फोल्डरच्या नावानिशी चिठ्ठीवर लिहून द्या.