हॉलिस्टरला उडी मारायला जाताना

कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टरला विमानातून छत्री घेऊन उडी मारायला आपलीच विमानं उडवत जायचं असेल, तर सगळ्यात आधी वजनं विचारून घ्या, आणि खरी विचारा. आमची टोळी सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून उडते. सगळे प्रायव्हेट पायलट, म्हणजे पैसे न घेता हौसेने उडवणारे, सगळे पस्तिशी ओलांडलेले, आणि दिवाळीनंतर प्रत्येकाचं वजन ‘तेवढंच आहे’. भाड्याच्या चार सीटच्या सेस्ना १७२एस विमानात माणसं, सामान आणि पेट्रोल मिळून साधारण साडेआठशे पाउंड बसतात. नेमका आकडा तुमच्या विमानाच्या कागदावर बघा. टाक्या भरलेल्या असल्या तर वापरायचं ५३ गॅलन पेट्रोलच ३१८ पाउंडांचं होतं. उरलेल्यात आपल्यासारखी तीन माणसं बसतात, चार नाही. हॉलिस्टर जेमतेम तीसेक नॉटिकल मैलांवर आहे, मग टाक्या काठोकाठ कशाला, असं कोणीतरी म्हणणारच. पण आदल्या दिवशी विमान नेणाऱ्याने टाक्या भरून ठेवल्या असतील तर तुम्ही त्या उपसणार आहात का? तेव्हा विमानामागे तीन माणसं धरा. हीच वजनं उडीवाल्यांनाही लागतात. त्यांची मर्यादा जागेप्रमाणे बदलते, म्हणून फोनवर आधीच विचारा. तिथे काट्यावर उभं करतातच, आणि सगळ्यांसमोर.

आठ जण येणार असतील तर दोन विमानं आणि एक गाडी. गाडीवरून आमच्याकडे पुष्कळ चेष्टा झाली, पण मी हट्ट सोडला नाही. रस्त्याने तासाभराचं अंतर आहे, जेवणाचे डबे, खुर्च्या, पाणी गाडीतून जातं, आणि संध्याकाळी वारा सुटला की विमानं तिथेच बांधून सगळ्यांना दोन खेपांत घरी आणता येतं. गाडी आहे म्हटल्यावर ‘काहीही करून आजच उडून परत जायचं’ हा भुंगा डोक्यात शिरत नाही.

पैशांचं आदल्या दिवशीच बोलून घ्या. प्रायव्हेट लायसन्सवर पेट्रोल, तेल, विमानतळाचा खर्च आणि विमानाचं भाडं एवढंच वाटून घेता येतं, आणि पायलटने स्वतःचा सारखा वाटा उचलायचाच असतो. ‘तू उडवतोयस ना, तू नको देऊस’ हा प्रेमाचा आग्रह नियमात बसत नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘एक जागा रिकामी, कोणाला यायचंय?’ असं टाकणं. ओळखीपाळखीच्या पलीकडे जागा देऊ केली की ती प्रवासी वाहतूक ठरू शकते. उडीचे पैसे वेगळे, ज्याचे त्याने थेट तिकडे भरावेत. ॲडव्हान्स परत मिळतो का, हे भरण्याआधी विचारा. पैसे अडकले की माणूस ढगांकडे फार प्रेमाने बघायला लागतो.

वेळ ठरवताना हॉलिस्टरचं हवामान लक्षात ठेवा. उन्हाळ्यात माँटेरेच्या खाडीवरून ढगांचा खालचा थर सकाळी आत सरकतो आणि बऱ्याचदा दहा-अकरापर्यंत हलत नाही. दुपारनंतर वारा चढतो. उडी मारणाऱ्यांनाही ढगांपासून अंतर ठेवायचे नियम आपल्यासारखेच आहेत: दहा हजार फुटांखाली तीन मैल दृश्यता, त्यावर पाच. म्हणजे सकाळी लवकर जाऊन नुसतं बसायचं आणि उशिरा जाऊन वाऱ्यात अडकायचं. अकराच्या सुमाराची वेळ घ्या आणि दिवसभर दुसरं काही ठेवू नका. आणि हो, शनिवारी माँटेरेला स्कूबा आणि रविवारी उडी, असा जोडकार्यक्रम कोणी आखला असेल तर तो मोडा. पाण्याखालून आल्यावर आठ हजार फुटांच्या वर जाण्याआधी २४ तास थांबायचं असतं, आणि टँडम उडी, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून मारायची उडी, बहुधा तेरा हजारांच्या आसपासची असते.

आता मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते तिथे पोचण्याबद्दल. उडीची भीती सगळ्यांना वाटते, पण ज्या आकाशात माणसं छत्र्या उघडून तरंगतायत तिथे आपलं विमान घेऊन जाण्याची भीती कोणालाच वाटत नाही, आणि मला हे उलटं वाटतं. काही वर्षांपूर्वी एका विमानतळावर, नाव सांगत नाही, मी सवयीने धावपट्टीच्या मध्यावरून आडवा गेलो, पंख खाली-वर करत वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी शोधत. बाजूला बसलेल्या मित्राने नुसतं बोट दाखवलं. डावीकडे, आमच्याच उंचीवर, एक पिवळी छत्री. रेडिओवर ते सांगून झालं होतं. मी तेव्हा मागच्या सीटवरच्याला पाण्याची बाटली देत होतो.

म्हणून निघण्याआधी नोटॅम (पायलटांसाठीच्या ताज्या सूचना) वाचा, नकाशावरचं छत्रीचं चिन्ह बघा, आणि नॉरकॅल अप्रोच या तिथल्या रडार कंट्रोलरकडून फ्लाइट फॉलोइंग घ्या, म्हणजे ते तुमच्यावर लक्ष ठेवतात. जंप विमानाच्या, म्हणजे उडी मारणाऱ्यांना वर नेणाऱ्या विमानाच्या, पायलटला उड्या सुरू होण्याच्या किमान पाच मिनिटं आधी कंट्रोलरशी बोलावंच लागतं, त्यामुळे तुम्हाला ते कानावर पडण्याची शक्यता वाढते. हॉलिस्टरची फ्रिक्वेन्सी दुसऱ्या रेडिओवर बरीच आधी लावून ठेवा. जंप विमान वाऱ्याच्या तोंडावर चालतं आणि माणसं मैदानाच्या वाऱ्याकडच्या बाजूला सोडतं, म्हणजे ती तरंगत परत येतात. वारा वायव्येचा असला तर ती बाजू नेमकी सॅन होजेकडून येणाऱ्याच्या वाटेवर पडते. ‘जंपर्स अवे’ (माणसं बाहेर पडली) ऐकलं की घड्याळ बघा: मिनिटभर मुक्त पतन, मग छत्रीखाली पाच-सहा मिनिटं. लांब उत्तरेलाच दोन निवांत घिरट्या घाला, मैदानावरून आडवं जाऊ नका. माणसं सोडून जंप विमान स्वतः दगडासारखं खाली येतं, बऱ्याचदा छत्र्यांच्या आधी, तेव्हा त्याच्याही पुढ्यात जाऊ नका. हॉलिस्टरला ग्लायडर असतात आणि वणवे विझवणाऱ्या विमानांचा तळही तिथेच आहे. एकूण रविवारची लक्ष्मी रोड समजा. विमान उडवणाऱ्या प्रत्येकाने गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग केलेत का, हे आदल्या आठवड्यातच विचारा.

उतरल्यावर विमान बांधायला स्वतःचे दोर न्या. बरोबर आलेल्या घरच्यांना प्रोपेलरबद्दल तुम्ही स्वतः सांगा. जंप विमानाचं इंजिन बऱ्याचदा चालूच असतं. तिथल्या माणसाने बोलावल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही, मुलांचा हात सोडायचा नाही.

उडीवाल्यांना काय विचारायचं? राखीव छत्री कधी घडी केली, हे विचारा. सर्टिफिकेट असलेल्या रिगरने (छत्र्यांची घडी करणाऱ्या तज्ज्ञाने) ती गेल्या १८० दिवसांत घडी केलेली असायला हवी. टँडम इन्स्ट्रक्टरला किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मुक्त पतनाच्या ५०० उड्या लागतात, आणि टँडमच्या राखीव छत्रीला आपोआप उघडणारं यंत्र सक्तीचं आहे. हे सगळं हसत विचारता येतं. विमान भाड्याने घेताना आपण कागद बघतोच की. ‘काही झालं तर दावा लावणार नाही’ असं लिहून द्यायचा लांबलचक कागद खुर्चीवर बसून वाचा. विमा कंपनीला पायलट असल्याचं सांगितलंय, उडीचं सांगितलंय का, हे घरी तपासा. आपल्यातला एखादा तिथे ‘मी तुमचं जंप विमान उडवू का’ असं विचारेल. पैसे घेऊन उडवायला कमर्शियल लायसन्स लागतं, बसा खाली.

सर्दी असेल तर मागे राहा, यावर चर्चा नको. आपण प्रवाशांच्या कानांची काळजी घेत मिनिटाला पाचशे फुटांनी उतरतो. इथे तेरा हजारांवरून पाच हजारांवर जायला पन्नास-एक सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला साडेनऊ हजारांच्या वर. नाक चोंदलेलं असेल तर कान फुटल्यासारखं दुखतं, आणि तोच कान घेऊन परत उडायचं असतं. पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आदल्या रात्री पार्टी नको. सकाळी उपाशी जाऊ नका. दोन वाट्या पोहे बेताचे, साबुदाण्याची खिचडी मात्र परत आल्यावर. बूट लेसचे, खिसे रिकामे, चष्म्यावर बसणारा गॉगल तिथे मागा. कपडे अंगाबरोबर. पुण्याच्या शीतल महाजनांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये पट्टायाला नऊवारी नेसून उडी मारली, हे आमच्यातला एक जण दर वेळी काढतो. पण त्यांची पहिलीच उडी एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावरची होती; त्यांचं उदाहरण कपड्यांसाठी घेऊ नका.

घरी खुर्चीवर बसून पाय सरळ पुढे उचलून धरायचा सराव करा, उतरताना तो लागतो. बाहेर पडताना धनुरासनासारखी कमान, डोकं मागे, हात पट्ट्यावर. पायलटांची खोड वेगळी असते: हात काहीतरी पकडायला शोधतात, आणि इन्स्ट्रक्टरचा दंड हाताशी असतो. तो पकडायचा नाही. आपण शिकताना ‘तुमच्याकडे कंट्रोल’, ‘माझ्याकडे कंट्रोल’ असं मोठ्याने म्हणत होतो. विमानाच्या दारात मी मनात पहिलं वाक्य म्हटलं, तेव्हा कुठे मुठी सुटल्या.

परतीचा पायलट कोण, यावर आमच्यात भांडण झालं. माझं मत असं: प्रत्येक विमानामागे एका पायलटने त्या दिवशी उडी मारायची नाही. उडीनंतर माणूस तासभर हसत असतो, मग एकदम गळून जातो, आणि त्याला दोन्ही कळत नाहीत. ज्याची पाळी चुकली त्याला पुढच्या खेपेला पहिला नंबर. विमानांच्या किल्ल्याही त्याच्याच खिशात. छत्रीखाली किल्ली पडली तर शेतात शोधत बसावं लागेल.

संध्याकाळी लॉगबुक भरताना कोणीतरी विचारेलच. हॉलिस्टरला जाण्या-येण्याचे तास मांडता येतात, पण अंतर ५० मैलांच्या आत असल्याने पुढच्या रेटिंगसाठी मोजायच्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांत (क्रॉस-कंट्रीत) धरले जात नाहीत. जंप विमानात तर आपण सामान होतो, आणि लँडिंगच्या वेळी त्यात नव्हतोच.