इंग्लंडात नवीन आलात? रेग्युलर सेव्हर उघडायच्या आधी हे वाचा

रीडिंगला येऊन मला बारा वर्षं झाली आणि दरवर्षी नवीन आलेलं कोणीतरी पहिला पगार झाला की विचारतंच, इथे आरडी नसते का हो. असते की, फक्त नाव वेगळं, रेग्युलर सेव्हर. दर महिन्याला पैसे भरायचे, बहुतेक ठिकाणी वर्षभर, आणि शेवटी व्याजासकट परत.

आता घोळ कुठे होतो ते सांगतो. मागे मावसभाऊ आला होता, फर्स्ट डायरेक्ट बँकेचा ७ टक्के दर बघून एकदम खूश, महिना ३०० पौंड म्हणजे वर्षाचे ३६०० आणि त्याचे ७ टक्के २५२, लगेच हिशोब करून मोकळा. मी म्हटलं थांब जरा, आणि लाइटबिलाच्या पाकिटामागे मांडून दाखवलं. पहिले ३०० वर्षभर राहतात, त्यांना पूर्ण २१ पौंड. शेवटचे ३०० एकच महिना राहतात, त्यांना पावणेदोन. सगळं मिळून १३६.५० होतात, २५२ नाही. तो म्हणे ही तर फसवणूक आहे! अरे फसवणूक कसली, आपल्याकडच्या आरडीचं पण हेच असतं, आपण कधी मांडून बघत नाही एवढंच. सोपा हिशोब लक्षात ठेवा, महिन्याचा हप्ता गुणिले दर गुणिले साडेसहा, बारा महिन्यांच्या खात्याला चालतो.

म्हणून नुसता दर बघू नका, महिन्याला किती भरू देतात ते पण बघा. २०० ची मर्यादा आणि ७ टक्के म्हणजे ९१ पौंड, तेच ५०० ची मर्यादा आणि ५ टक्के असेल तर १६२.५०. पण याचा अर्थ ७ वालं सोडा असं नाही हां, आधी तिथे २०० भरा आणि उरलेले ५ वाल्यात, दोन्ही उघडता येतात. आणि हातात एकरकमी पैसे असतील तर ते साध्या सेव्हिंगमध्ये व्याजावर ठेवून तिथून दर महिन्याला इकडे सरकवत राहायचे, मी तेच करतो.

चांगला दर बऱ्याचदा त्याच बँकेत करंट अकाउंट (इथे पगार-खर्चाच्या रोजच्या खात्याला हे म्हणतात) असेल तरच मिळतो. त्यासाठी आल्या आल्या तीन-तीन अकाउंट उघडत बसू नका, क्रेडिट हिस्टरी कोरी असते आणि प्रत्येक अर्जाची नोंद राहू शकते. आधी भाड्याचं डिपॉझिट (पाच आठवड्यांचं भाडं जातं त्यात), फर्निचर हे सगळं उरकू द्या, कारण काही खात्यांतून मधेच पैसे काढता येत नाहीत, बंद केलं तर तो ७ टक्के पण मिळत नाही. नेशनवाईडसारखे काही जण थोड्या वेळा काढू देतात.

बिल्डिंग सोसायटी (सभासदांच्या मालकीची बँकेसारखी संस्था, नेशनवाईड त्यातलीच) हे नाव ऐकून आपली मंडळी दचकतात, गावाकडची बुडालेली पतसंस्था आठवते ना. पण इथे सोसायटीला पण बँकेसारखंच संरक्षण आहे, डिसेंबर २०२५ पासून एका संस्थेत माणशी १,२०,००० पौंडापर्यंत. टॅक्सचं म्हणाल तर वर्षाला १००० पौंड व्याज माफ, ४० टक्केवाल्यांना ५००. टीडीएस नाही, तो टाळायला फॉर्म भरायची भानगड पण नाही.

स्टँडिंग ऑर्डर (दर महिन्याला आपोआप पैसे पाठवायची बँकेला सूचना) पगाराच्या दुसऱ्या दिवशीची लावा. आणि वर्ष संपायची तारीख फोनमध्ये टाकाच, मुदत संपली की पैसे गुपचूप कमी दराच्या खात्यात जाऊन पडतात. माझे सात महिने पडून होते, जेमतेम १ टक्क्यावर. बँकेचं पत्र आलं होतं म्हणे, बायकोने ते पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रिसायकलिंगला टाकलं.