हेड कोच निवडायचाय? आधी नेब्रास्काचा इतिहास चाळा

दर नोव्हेंबरात कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच. मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेतल्या एखाद्या स्टेट युनिव्हर्सिटीत, तिथल्या फुटबॉल टीमच्या (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपला सॉकर नव्हे) हेड कोचला नारळ दिलेला, कॅम्पसवर दुसरा विषय नाही. आणि इकडे आईवडिलांना कळत नाही की एका प्रशिक्षकावरून एवढा गदारोळ कसला. मी नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात राहते. एका विमा कंपनीत भरतीचं काम बघते, म्हणजे माणसं पारखणं हाच माझा धंदा. नव्वदच्या दशकात लिंकनला, नेब्रास्का युनिव्हर्सिटीत शिकायला आले, तेव्हापासून शनिवारी टीमच्या रंगाचे लाल कपडे घालते. आमच्या मंडळाचे लोकसुद्धा गणपतीच्या कार्यक्रमाची तारीख ठरवताना आधी नेब्रास्काचं वेळापत्रक बघतात, कारण होम गेमच्या दिवशी हॉल भरत नाही. तेव्हा हा कोच कसा निवडावा, ते एकदा सविस्तर लिहूनच टाकते. नेमणूक तुमच्या हातात नसेल, पण ज्यांच्या हातात आहे ते बरोबर चाललेत की नाही एवढं तरी ओळखता येईल.

क्रिकेटमध्ये मैदानावर कप्तानाचं चालतं. या खेळात सगळं कोचचं. खेळाडू चार-पाच वर्षांत निघून जातात, हल्ली तर वर्षातच दुसरीकडे उडी मारतात. कोच गावोगावच्या शाळकरी पोरांच्या घरी जाऊन त्यांच्या आयांची मनं वळवतो, सहायकांची फौज नेमतो, चौथ्या डाउनला, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या चार संधींपैकी शेवटच्या वेळी, धोका घ्यायचा की नाही ते ठरवतो. बऱ्याच राज्यांत सरकारी पगारदारांमध्ये सगळ्यात जास्त पगार याचाच असतो. त्याला निवडतो अ‍ॅथलेटिक डिरेक्टर, ज्याला सगळे नुसतं ‘एडी’ म्हणतात. वर चॅन्सेलर असतो, रीजंट्सचं, म्हणजे युनिव्हर्सिटीचा कारभार बघणाऱ्यांचं मंडळ असतं, आणि कागदावर कुठेही नसलेले बडे देणगीदार असतात. समजा, तुम्ही एडी आहात.

आधी आपली जागा कशी आहे ते लिहून काढा

उमेदवारांची यादी नंतर. नेब्रास्काचंच घ्या. राज्याची लोकसंख्या जेमतेम वीस लाख, व्यावसायिक एनएफएलचा संघ नाही, आणि लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं १९६२ पासून प्रत्येक होम गेमला संपतात. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम हेच ओमाहा आणि लिंकननंतरचं राज्यातलं तिसरं मोठं ‘शहर’ असतं. म्हणजे प्रेम आणि पैसा दोन्ही भरपूर. पण घराजवळ उत्तम खेळाडू थोडे. ते टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियाकडून आणावे लागतात, आणि २०११ मध्ये आम्ही बिग टेन कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या युनिव्हर्सिट्यांच्या गटात) गेल्यापासून टेक्सासमध्ये सामनेच उरले नाहीत. पूर्वी ही कसर वॉक-ऑन मुलं भरून काढायची: स्कॉलरशिप नाही, लहानशा गावातून आलेली, तीन वर्षं वजन उचलून चौथ्या वर्षी मैदानात उतरणारी. अशा जागी लांबून मुलं आणू शकणारा आणि इथलीच मुलं धीराने घडवणारा माणूस लागतो. फ्लोरिडातल्या युनिव्हर्सिटीला कदाचित यातलं काहीच लागणार नाही. हे एक पानभर लिहा आणि रीजंट्सच्या सह्या घ्या. नंतर कुणी मोठं नाव पुढे केलं की ते पान काढता येतं.

मागच्याच्या रागातून पुढचा निवडू नका

माझं सगळं म्हणणं खरं तर इथेच आहे. बॉब डेव्हॅनी १९६२ मध्ये वायोमिंगहून आले. लहान ठिकाणी हेड कोच म्हणून जिंकून दाखवलेला माणूस. १९७० आणि १९७१ चं राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी आणलं आणि गादी आपल्या सहायकाला दिली. तो सहायक म्हणजे टॉम ऑस्बॉर्न. पंचवीस वर्षं, २५५ विजय, १९९४, १९९५ आणि १९९७ ची अजिंक्यपदं. त्यांनीही जाताना आपला सहायक फ्रँक सोलिचकडे सूत्रं दिली. सोलिचने २००१ च्या सीझनमध्ये टीमला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेलं. २००३ च्या नियमित सीझनमध्ये नऊ जिंकले, तीन हरले, आणि कोलोराडोला हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. तेव्हाच्या एडीला सामान्यपणाकडे घसरण मान्य नव्हती. त्या ‘सामान्य’ ९–३ साठी आज आम्ही नवस बोलू.

इथून पुढे प्रत्येक नेमणूक म्हणजे आधीच्या माणसाला दिलेलं उत्तर. सोलिच जुन्या वळणाचा, चेंडू हातात घेऊन पळण्यावर भर देणारा. म्हणून आणला बिल कॅलहन, एनएफएलमधला, फेकण्याच्या पद्धतीचा. हाती असलेली पोरं मात्र पळण्यासाठी निवडलेली. २००४ मध्ये टेक्सास टेकने ७०–१० असं धुतलं, सीझन ५–६ वर संपला आणि सलग ३५ वर्षं बोल सामना (सीझननंतर चांगल्या टीमना मिळणारा खास सामना) खेळण्याची परंपरा तुटली. चार वर्षांनी कॅलहन गेला. त्याच्या काळात बचाव भुसभुशीत झाला होता (२००७ ला कॅन्ससने आमच्यावर ७६ गुण चढवले), म्हणून बचाववाला बो पेलिनी. पेलिनीने दर वर्षी किमान नऊ सामने जिंकले. पण साइडलाइनवर त्याचा पारा असा चढायचा की टीव्ही बघताना मुलांना खोलीबाहेर पाठवावं लागे. २०१४ मध्ये तो गेला आणि आला माइक रायली, ज्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडणार नाही. ओरेगन स्टेटमध्ये आदल्या सीझनला ५–७. आमच्याकडे तीन वर्षांत १९ जिंकले, १९ हरले. सज्जनपणा पुरे झाला, आता घरचा माणूस हवा, म्हणून स्कॉट फ्रॉस्ट: नेब्रास्काच्याच मातीतला, १९९७ च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू), सेंट्रल फ्लोरिडाला २०१७ मध्ये १३–० नेणारा. त्या डिसेंबरात इथे दिवाळी होती. हिशेब निघाला १६–३१.

यातला एकही माणूस नालायक नव्हता. सोलिच पुढे ओहायो युनिव्हर्सिटीत सोळा सीझन राहिला आणि त्या कॉन्फरन्सचा सर्वाधिक विजयांचा कोच झाला. चूक प्रश्नात होती. ‘मागच्यात काय खटकलं?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून माणूस शोधला की त्याच्या बाकीच्या बाजू तपासल्याच जात नाहीत. माझ्या कामातही हे रोजचं: कुरकुर्‍या मॅनेजर गेला की त्या टीमला पुढचा फक्त हसतमुख हवा असतो, मग त्याला बजेट वाचता येवो न येवो. निवड समितीच्या बैठकीत मागच्या कोचचं नाव किती वेळा निघतं ते मोजा. उमेदवाराच्या नावापेक्षा जास्त वेळा निघालं तर बैठक थांबवून चहा प्या.

हार-जीत कशी वाचायची

नुसत्या आकड्याला भुलू नका. जागेच्या आधीच्या आकड्याशेजारी ठेवून बघा, आणि एकाच ठिकाणचं नव्हे, प्रत्येक ठिकाणचं. लान्स लायपोल्डने व्हाइटवॉटर नावाच्या तिसऱ्या श्रेणीतल्या कॉलेजला सहा अजिंक्यपदं मिळवून दिली, मग बफेलो, मग २०२१ मध्ये कॅन्सस, जिथे फुटबॉल म्हणजे बास्केटबॉल सुरू होईपर्यंतचा टाइमपास होता. पहिल्या वर्षी २–१०, तिसऱ्या वर्षी ९–४. कर्ट सिग्नेटी तर अलाबामात नावाजलेला कोच निक सेबनचा सहायक होता. ती उबदार जागा सोडून दुसऱ्या श्रेणीतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या कॉलेजात हेड कोच व्हायला गेला, तिथून इलॉन, तिथून जेम्स मॅडिसन. इंडियानाने त्याला घेतलं तेव्हा वय ६२, आणि टीम आदल्या सीझनला ३–९. पुढच्याच वर्षी ११–२ आणि प्लेऑफ, म्हणजे अजिंक्यपदाची बाद फेरी. एक तीन ठिकाणी, दुसरा चार ठिकाणी, वेगवेगळ्या पोरांसह जिंकलेले. मोठ्या टीमचा हुशार कोऑर्डिनेटर (आक्रमण किंवा बचाव सांभाळणारा सहायक कोच) आणि लहान टीमचा अनुभवी हेड कोच यांत अडलंच तर मी दुसऱ्याकडे झुकेन.

आणखी एक आकडा काढा: एका स्कोअरच्या, म्हणजे आठ किंवा कमी गुणांच्या फरकाच्या सामन्यांत काय झालं. फ्रॉस्टचा आमच्याकडचा हिशेब ५–२२. २०२१ मध्ये नऊ पराभव, नऊच्या नऊ एक अंकी फरकाने. लोक म्हणायचे, नशीब फिरलं की जिंकू. एखाद-दुसरं वर्ष नशीब म्हणता येतं, चार वर्षं नाही.

उलट, जमलेला नमुनाही जरा हात राखून वाचा. मॅट रूलने टेंपलला दोन वर्षांत २–१० वरून १०–४ वर नेलं, बेलरला १–११ वरून ११–३ वर. त्या जोरावर नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही त्याला आठ वर्षांचा ७.४ कोटी डॉलरचा करार दिला. ५–७, मग ७–६, बोल सामनाही जिंकला. टेंपल-बेलरसारखी तिसऱ्या वर्षाची झेप मात्र इथे आली नाही. माणूस मला आवडतो, हेही सांगते.

मुलाखत

तत्त्वज्ञान विचारू नका, ते सगळ्यांचं पाठ असतं. नावं विचारा. ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर कोण, डिफेन्सचा कोण, तो नाही म्हणाला तर दुसरा कोण, स्ट्रेंग्थ कोच कोण. आत्ता फोन लावला तर उचलतील का? जुन्या ठिकाणचा सगळा स्टाफ जसाच्या तसा आणतो म्हणाला तर बिचकून असा. फ्रॉस्टने तेच केलं होतं, आणि एका कॉन्फरन्समध्ये पुरलेली माणसं दुसऱ्यात पुरतातच असं नाही.

मग एक प्रसंग द्या. मी हा देईन: ऑगस्ट २०२२, डब्लिन, समोर नॉर्थवेस्टर्न. तिसरा क्वार्टर, आपण २८–१७ पुढे, नुकताच टचडाउन केलाय. आता किक मारून चेंडू समोरच्याला द्यायचा. लांब मारली की त्यांना जवळजवळ सगळं मैदान चालून यावं लागतं. फ्रॉस्टने ऑनसाइड किक मागवली: चेंडू मुद्दाम आखूड मारायचा, दहा यार्ड ओलांडले की आपल्याच पोरांनी झडप घालायची. साधली तर सामना संपल्यात जमा. फसली तर समोरच्याला अर्धं मैदान फुकट. फसली. तिथून त्यांनी टचडाउन केला आणि सामना ३१–२८ असा घेतला. आमच्या घरी कुणी दहा मिनिटं बोललं नाही, शेवटी नवऱ्याने उठून पोहे केले. उमेदवाराला विचारा: तू काय केलं असतंस? आणि त्या क्षणी तुझ्या कानातल्या हेडसेटवर ‘नको’ म्हणायची हिंमत असलेला माणूस कोण? दुसऱ्या प्रश्नाला अडखळला तर पहिल्याचं उत्तर कितीही छान असो.

पैशाचंही विचारा. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं, २०२५ पासून युनिव्हर्सिट्या थेट पैसे देऊ शकतात, आणि कोच बदलला की निम्मी टीम ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जाऊ पाहणाऱ्यांच्या यादीत, डोकावते. कोणत्या जागेवर किती खर्च करणार, हे ज्याला सांगता येत नाही तो जुन्या जमान्यात राहतोय.

पूर्वचौकशी स्वतः करा, सर्च फर्मवर सोडू नका. नोट्रडेमने डिसेंबर २००१ मध्ये जॉर्ज ओलिअरीला नेमलं आणि पाच दिवसांत त्याचा राजीनामा घ्यावा लागला, कारण बायोडेटातली मास्टर्सची पदवी आणि कॉलेजात फुटबॉल खेळल्याचा दावा दोन्ही खोटे निघाले. दोन फोनचं काम होतं. उमेदवाराने दिलेल्या संदर्भांना फोन करून काही कळत नाही. त्याच्या हाताखालून सोडून गेलेल्यांना करा, इक्विपमेंट रूममधल्या माणसाला करा.

करार

इथे एडी लोक हमखास वाहवत जातात. खरा आकडा पगाराचा नसतो, बायआउटचा असतो, म्हणजे मुदतीआधी काढलं तर किती द्यावे लागतील तो. टेक्सास ए अँड एमने जिंबो फिशरला २०२० च्या ९–१ सीझननंतर २०३१ पर्यंत मुदतवाढ दिली. २०२३ मध्ये काढलं तेव्हा साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं निघालं. आम्ही फ्रॉस्टला २०१९ मध्ये, एकही विजयी सीझन नसताना, २०२६ पर्यंत वाढवून दिलं. पुढे नव्या एडीने त्याचा बायआउट कमी करून घेतला: १ ऑक्टोबर २०२२ ला तो १.५ कोटीवरून ७५ लाखांवर येणार होता. ११ सप्टेंबरलाच त्याला काढलं, जॉर्जिया सदर्नशी हरल्याच्या दुसऱ्या दिवशी. वीस दिवसांचे ७५ लाख डॉलर. तेव्हा करारात दोन कलमं घाला: दुसरीकडून नोकरी मिळाली की देणं तेवढ्याने कमी, आणि पहिल्या तीन सीझनमध्ये मुदतवाढीची बोलणी नाहीत. एजंट नाक मुरडेल. मुरडू दे.

घाईबद्दल थोडं. पुढच्या वर्षी टीममध्ये येणाऱ्या शाळकरी मुलांच्या करारावर सह्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतात, त्यामुळे वेळ खरंच कमी असतो. २००३ मध्ये सोलिचला नोव्हेंबरअखेर काढून जानेवारीपर्यंत आम्ही शोधतच राहिलो. कोचला काढायच्या आधी पाच नावांची यादी खिशात हवी. शोध सुरू झाला की चाहते खासगी विमानांच्या नोंदी बघत बसतात, ओमाहाहून कुठे कोण उडालं त्यावर रात्र जागवतात. मीही बघते, मजा येते, एडीने बघू नये. पण गोंगाट अगदीच कानाआड करू नका. टेनेसीने २०१७ मध्ये ग्रेग शिआनो या कोचशी बोलणी पक्की करत आणली आणि लोक एवढे खवळले की त्याच दिवशी सगळं मोडलं, पाठोपाठ एडीही गेला. नाव फुटण्याआधी आपल्याच माजी खेळाडूंपैकी चार-पाच जणांना विश्वासात घेतलं असतं तर वारा कुठे वाहतोय ते कळलं असतं.

नेमणूक झाली की पत्रकार परिषद बघू नका. तिथे सगळेच जिंकतात. पुढच्या पंधरा दिवसांत तीन गोष्टी बघा: आधी शब्द दिलेल्या शाळकरी मुलांपैकी किती टिकली, मुलाखतीत सांगितलेल्या सहायकांपैकी किती खरंच आले, आणि आपला क्वार्टरबॅक पोर्टलमध्ये गेला का.