प्रवाळाचा गोड्या पाण्यातला भाऊबंद: हायड्रा घरी कसा पाळावा, कसा भरवावा

समुद्रातली बरीचशी प्रवाळं अंगातल्या सूक्ष्म शैवालावर जगतात. शैवाल उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. नारिंगी सूर्यप्रवाळाकडे असं शैवाल नसतं. त्याला प्रत्येक घास पकडून खावा लागतो, म्हणून टाकीत ठेवणाऱ्याला त्याच्या एकेका तोंडाला भरवत बसावं लागतं. मात्र आपल्या देशात ते पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे आहेत. दुकानदार काहीही सांगो, घेऊ नका.

पण भरवून जगवण्याचं हेच काम शिकवणारा त्याच वंशातला एक जीव आपल्या तलाव-बोड्यांमध्ये राहतो, तो म्हणजे हायड्रा. त्याला पंप लागत नाही, वीज लागत नाही, आणि भारनियमनाने त्याचं काही बिघडत नाही. विज्ञानाची आवड असलेल्या प्रत्येक घरात आणि गावच्या शाळेत तो असावा, असं मला मनापासून वाटतं.

कधी आणि कुठे शोधायचा

दिवाळीनंतर सुरुवात करा. हायड्राला १८ ते २२ अंशांचं पाणी मानवतं, ३० च्या वर तो खचतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मालगुजारी तलाव यासाठी उत्तम. ज्या तलावात कापसाच्या किंवा धानाच्या शेतातलं फवारणीचं पाणी उतरतं, तो मात्र टाळा.

काठाजवळची हायड्रिला (पाण्यात बुडून वाढणारी वनस्पती), कमळाची जुनी पानं, पाण्यात पडलेल्या काड्या थोड्या घ्या आणि तलावाच्याच पाण्यासह काचेच्या बरणीत ठेवा. बरणी सावलीत, पण एका बाजूने उजेड येईल अशी, रात्रभर न हलवता राहू द्या. सकाळी उजेडाच्या बाजूची काच भिंगाने पाहा. टोक उसवलेल्या दोऱ्याच्या तुकड्यासारखा, अर्धा-एक सेंटिमीटर लांबीचा जीव काचेला चिकटलेला दिसेल. बरणीला टिचकी मारली की तो आखडून ठिपक्याएवढा होतो. तीच त्याची ओळख.

हिरवा हायड्राही सापडेल. त्याच्या अंगात शैवाल असतं, त्यामुळे तो काही दिवस उजेडावर निभावतो. आपल्याला तपकिरी किंवा फिकट हवा, कारण तो सर्वस्वी शिकारीवर जगतो.

पाणी आणि भांडं

काचेचा पसरट वाडगा पुरे. तांब्याच्या गुंडातलं पाणी चालणार नाही. तांब्याचा अगदी थोडा अंश हायड्राला मारतो, नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही मारतं. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा डबा कितीही धुतलेला असला तरी वापरू नका. तो हायड्रासाठीच नाही, घरातल्या मुलांसाठीही घातक आहे.

सर्वांत चांगलं पाणी त्याच तलावाचं, जुन्या धोतराच्या चौपदरी कापडातून गाळलेलं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी घेऊ नका. आरओचं पाणीही नुसतं देऊ नका; त्यात हायड्राला लागणारं कॅल्शियम उरत नाही. वाडगा उन्हात ठेवायचा नाही.

भरवणं

खरं कौशल्य इथे लागतं. हायड्राला मेलेलं, वाळलेलं खाद्य सहसा कळतच नाही. त्याच्या शुंडकांवरच्या, म्हणजे तोंडाभोवतीच्या दोऱ्यासारख्या अवयवांवरच्या, दंशपेशी जिवंत भक्ष्याला टोचतात, जखमेतून ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ पाण्यात येतो आणि त्याच्या चाहुलीने तोंड उघडतं. म्हणून घास हलता हवा. तलावातले किंवा ढोरांच्या टाक्यातले डॅफ्निया आणि सायक्लॉप्स हे उड्या मारत पोहणारे बारीक जीव चालतात.

आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या, कोळंबीसारख्या बारीक जीवाची अंडी त्याहून खात्रीची. ती मोठ्या शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. एक लिटर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम जाडं, आयोडीन नसलेलं मीठ घाला. उथळ ताटलीत हे पाणी घेऊन चिमूटभर अंडी पसरवा. उबेत २४ ते ३६ तासांत पिल्लं निघतात. पौषातल्या थंडीत ताटली चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवा, नाहीतर दोन-तीन दिवस वाट पाहावी लागते. अंधारात एका कोपऱ्यावर बॅटरी धरली की नारिंगी पिल्लं तिथे गोळा होतात आणि रिकामी टरफलं मागे राहतात. ड्रॉपरने पिल्लं ओढा, धोतराच्या कापडावर ओता, गोड्या पाण्याने दोनदा धुवा. हे धुणं चुकवू नका, मीठ वाडग्यात गेलं की हायड्रा आखडतो. गोड्या पाण्यात पिल्लं फार वेळ जगत नाहीत, तेव्हा धुतल्याबरोबर भरवा.

ड्रॉपरचं टोक हायड्राच्या जवळ नेऊन थेंब हळूच सोडा. पिल्लू शुंडकाला लागताच थबकतं, मग शुंडकं आत वळतात, अंग फुगतं आणि त्यातून नारिंगी रंग दिसू लागतो. एकेकाला तीन-चार पिल्लं बस्स. आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं, संख्या वाढवायची असेल तर रोज.

त्यानंतरची सफाई

भरवण्याइतकंच हे महत्त्वाचं. हायड्राला एकच तोंड असतं, न पचलेलं तो तिथूनच टाकतो. सात-आठ तासांनी तो चोथा आणि मेलेली पिल्लं ड्रॉपरने काढा, पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं असू द्या. शुंडकं आखूड, जाड आणि गोंड्यासारखी झाली तर पाणी नासलं किंवा तापलं असं समजा. अशा वेळी भरवणं थांबवून रोज पाणी बदला.

पोटभर मिळालं की अंगाच्या बाजूला अंकुर फुटतो, त्याला शुंडकं येतात आणि दोन-तीन दिवसांत तो सुटा होतो. १७४० च्या दशकात निसर्गअभ्यासक अब्राहम ट्रेंब्ले यांनी हायड्राचे तुकडे करून पाहिले, तेव्हा प्रत्येक तुकड्यापासून पूर्ण जीव तयार झाला. स्वच्छ पात्याने एकाला आडवा छेद दिलात, तर खालच्या अर्ध्याला दोन-तीन दिवसांत नवं डोकं येताना भिंगातून दिसेल. मुलांना हे जरूर दाखवा.

होळीनंतर

मार्चपासून वाडगा माठाला टेकवून ओल्या वाळूच्या परातीत ठेवा, वर ओलं फडकं घाला. काही आठवडे असे निघतात. चाळिशीचा पारा आला की ओढाताण करू नका. हायड्रा ज्या तलावातून आणले तिथेच, सकाळी लवकर, सावलीतल्या पाणवनस्पतींत सोडा. दुसऱ्या तलावात नाही, आणि मत्स्यबीजाच्या टाक्यात तर मुळीच नाही, कारण माशांच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांनाही हायड्रा दंश करतो.