मुंबई ते न्यूअर्क: अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

अंतरासाठी भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी लावू नका. पृथ्वीगोल घ्या आणि मुंबईपासून न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कपर्यंत दोरा ताणून धरा. दोरा अटलांटिक सरळ ओलांडत नाही, वर उत्तरेला चढून आइसलँडच्या आसपास जातो. हाच सर्वांत जवळचा मार्ग, सुमारे 12,550 किलोमीटर. प्रत्यक्षात विमान याहून जास्त उडतं, कारण प्रत्येक देशाचं आकाश खुलं असेलच असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडच्या उड्डाणांना वळसा पडला.

मग 12,550 ला 850 ने, म्हणजे विमानाच्या ताशी किलोमीटरमधल्या साधारण वेगाने, भागा आणि वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरा. सव्वापंधरा तास येतात. जाताना वारा समोरून असतो म्हणून तासभर वाढवा, येताना तेवढाच कमी करा. हिवाळ्यात हा फरक जास्त जाणवतो.

आता घड्याळ. सगळी चूक इथेच होते.

"अमेरिका साडेदहा तास मागे" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. न्यूअर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. लंडनची मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळे एका शहराचा हिशेब दुसऱ्याला लावू नका. आपली घड्याळं बदलत नाहीत, म्हणून आपल्या लक्षात राहत नाही.

आई पहिल्यांदा एकटी गेली ती नोव्हेंबरमध्ये, घड्याळं बदलल्यावर दोनच दिवसांनी. विमान रात्री 1:30 चं. मी सोळा तास मिळवले, साडेनऊ वजा केले आणि भावाला सांगितलं, सकाळी 8. विमान उतरलं 7 ला. आई फोन लागत नसताना तासभर बाहेरच्या बाकावर चकलीचा डबा मांडीवर धरून बसून होती. तिकिटावर 7 स्पष्ट छापलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं.

तेव्हापासून एकच पद्धत: तिकिटावरच्या दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहायच्या, मगच वजाबाकी. जानेवारीत निघायचं 1:30 ला, पोचायचं तिथल्या 7:30 ला. 7:30 मध्ये साडेदहा मिळवा, आपले संध्याकाळचे 6. त्यातून 1:30 वजा, साडेसोळा तास. थेट 7:30 मधून 1:30 वजा करून "सहा तासांत अमेरिका" म्हणणारे मी पाहिले आहेत. आजीच्या इन्सुलिनच्या वेळा असल्या आकड्यावर ठरवणं धोक्याचं आहे.

परतीचंही तसंच. तिथून रात्री 9, म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची सकाळ 7:30; मुंबईत रात्री 10 ला उतरलं तर साडेचौदा तास. वेळेशेजारी छापलेला +1 बघा, तो दुसरा दिवस सांगतो.

मध्ये थांबा असेल तर प्रत्येक उड्डाण वेगळं मोजा.

आणि 15 तारखेचं रात्री 1:30 चं विमान असेल, तर घरातून 14 च्या संध्याकाळी निघायचं. कॅलेंडरवर 14 लाच गोल करा.